मागे ट्रेलर, सहा माणसं आणि आय-७० चा उतार : सल्ला हवा आहे

पारिजातक — ११ मे

नमस्कार मंडळी. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही डॅलसहून कोलोरॅडोला निघतोय, मागे ट्रॅव्हल ट्रेलर (चाकांवरचं छोटं घर) लावून. पुण्याहून सासू-सासरे आलेत, तेही बरोबर असतील. म्हणजे गाडीत सहा जण. आधी डेन्व्हर, मग आय-७० महामार्गाने आयझेनहॉवर टनेल, व्हेल पास आणि ग्लेनवूड स्प्रिंग्जला चार दिवस मुक्काम, असा बेत आहे.

मला भीती चढाची नाही, उताराची आहे. मार्चमध्ये आम्ही ओक्लाहोमा-आर्कान्सॉच्या सीमेवर टॅलिमेना रस्त्याला गेलो होतो. तिथला डोंगर अडीच-पावणेतीन हजार फुटांचा, रॉकीजपुढे टेकडीच. उतरताना गाडी 'डी'मध्येच (ड्राइव्ह, म्हणजे गिअर गाडीच ठरवते) होती आणि माझा पाय ब्रेकवर हलका टेकलेला. दोन-तीन उतारांनंतर पेडल मऊ लागायला लागलं, नेहमीपेक्षा खाली जायला लागलं. मग जळका वास. मोकळी जागा बघून थांबले तर पुढच्या उजव्या चाकातून बारीक निळसर धूर येत होता. धाकटी मागून विचारत होती, "आई, काय जळतंय?" अर्धा तास तिथेच बसून होतो. कोणाला काही झालं नाही, पण तेव्हापासून उताराची पाटी दिसली की माझ्या हातांना घाम सुटतो.

गाडी सात सीटची एसयूव्ही, व्ही-६ इंजिन, टर्बो नाही. ओढण्याची क्षमता ६,००० पाउंड. ट्रेलर २२ फुटी, रिकामा ४,३०० पाउंड. ज्यांच्याकडून ट्रेलर घेतला ते म्हणाले, "६,००० मध्ये ४,३०० आरामात बसतात, डोळे झाकून घ्या." ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक गाडीतून चालवणारं यंत्र) आहे, वेट डिस्ट्रिब्यूशन हिचही (ट्रेलरचा भार सगळ्या चाकांवर वाटणारा जोड) आहे. मग चुकलं काय? आणि हा प्रवास करावा की नाही?

मनमौजी — ११ मे

करा की! आम्ही मिनीव्हॅनमागे छोटा ट्रेलर लावून स्मोकीजला दोनदा जाऊन आलो, काही झालं नाही. सावकाश चालवा, झालं.

अठराचाकी — ११ मे

ताई, मी फ्रेस्नोहून ट्रक चालवतो, नववं वर्ष. आय-७० चा तो उतार महिन्यातून एकदा तरी होतो. तुमचं काय चुकलं ते तुम्हीच लिहिलंय : गाडी डीमध्ये आणि पाय ब्रेकवर टेकलेला.

ब्रेक म्हणजे गाडीचा वेग उष्णतेत बदलणारं यंत्र. ती उष्णता हवेत जायला वेळ लागतो. पाय सतत टेकलेला असेल तर पॅड आणि डिस्क तापतच राहतात, थंड व्हायला सवडच मिळत नाही. मग दोनपैकी एक होतं. पॅड इतके तापतात की त्यांची पकड जाते : पेडल घट्ट लागतं, पण गाडी थांबत नाही. नाहीतर ब्रेक ऑइल उकळतं, नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडून खाली जातं. तुमचं दुसरं झालं. म्हणजे ऑइल जुनं असणार. डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, पण ते हवेतली ओल शोषतं. ओल धरलेल्या ऑइलसाठी ठरवलेली किमान मर्यादा १४० अंशच आहे. आधी ते बदलून घ्या. पॅड आणि डिस्कही बघून घ्या, एकदा धूर निघालाय म्हणजे काचेसारखी चकाकी आली असेल.

आणि मनमौजी, राग मानू नका. "सावकाश चालवा" हे खरं आहे, पण सावकाश कशाने, हा प्रश्न आहे. ब्रेकने सावकाश चालवायला गेलात तर धूर निघतो. गिअरने सावकाश चालवायचं.

लालपरी — १२ मे

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते, चिपळूण-कराड, कुंभार्ली घाट. घरात आम्हाला पाढ्यांबरोबर हे पाठ होतं : ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर. न्यूट्रलला गाडी सोडून डिझेल वाचवणाऱ्याला ते ड्रायव्हर म्हणायचेच नाहीत. घाट सुरू व्हायच्या आधी, सपाटीवर असतानाच गिअर खाली टाकायचे. "उतार लागल्यावर गिअर शोधायला गेलास तर गिअर सापडत नाही, दरी सापडते," असं म्हणायचे.

अठराचाकी — १२ मे

लालपरी, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. दुसरी गोष्ट, उतार लागायच्या आधी गिअर टाकणं, अगदी शंभर टक्के. ट्रकचं लायसन काढताना इथेही तेच शिकवतात.

पण पहिल्या नियमात एक भर घालतो. तो जुन्या इंजिनांचा नियम आहे. ती इंजिनं अशक्त होती, चढताना खालचा गिअर लागायचाच. आताच्या गाड्यांची ताकद जास्त, आतलं घर्षण कमी, हवाही गाडीला कमी अडवते. त्यामुळे ज्या गिअरात मजेत चढते त्याच गिअरात उतरताना ती आवरेलच असं नाही. बऱ्याचदा एक गिअर आणखी खाली लागतो. नियम असा ठेवा : ब्रेकला हात न लावता गाडी हव्या त्या वेगावर जवळजवळ टिकते, तो गिअर बरोबर.

मग ब्रेक कधी? समजा तुम्ही ४० मैल वेग ठरवलात. काटा ४० ला आला की ब्रेक ठाम दाबायचा, तीनेक सेकंदांत ३५ वर आणायचा आणि पाय पूर्ण उचलायचा. पुन्हा ४० होईपर्यंत ब्रेक गार होतो. परत तेच. हलका-हलका सतत नाही.

त्रिज्या — १२ मे

मला आकडे मांडल्याशिवाय चैन पडत नाही. टनेलचं पश्चिमेचं तोंड ११,१५८ फुटांवर. तिथून आठेक मैलांवर सिल्व्हरथॉर्न, सुमारे ९,००० फूट. म्हणजे २,१०० फूट, सुमारे ६४० मीटर खाली यायचं. सहा माणसं, गाडी आणि ट्रेलर मिळून ५,००० किलो धरू.

५,००० × ९.८ × ६४० = सुमारे ३.१ कोटी ज्यूल.

एवढ्या उष्णतेत २५ अंशांचं शंभर लिटर पाणी उकळतं. आजोळच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता, वीसेक लिटरचा. असे पाच बंब, बारा मिनिटांत. हवेचा आणि चाकांचा अडथळा त्यातला काही भाग घेतो. उरलेलं इंजिन तरी घेईल नाहीतर ब्रेक. गिअर खाली टाकता तेव्हा ती उष्णता तुम्ही इंजिनाच्या गळ्यात घालता. इंजिनाला रेडिएटर आहे, पॅडला नाही.

पारिजातक — १२ मे

पाच बंब! हे वाचून नवऱ्यालाही बोलावून दाखवलं. अठराचाकी, मनापासून आभार. ब्रेकचं काम या शनिवारी करून घेते. माझ्या गाडीत 'टो/हॉल' असं बटण आहे, ते मी फक्त चढाला वापरत होते. उतरताना पण?

अठराचाकी — १२ मे

उतरताना तर आधी. ते बटण दाबलं की ब्रेकला हात लावताच ट्रान्समिशन स्वतःहून गिअर खाली टाकतं. इंजिन मोठ्याने ओरडेल, काटा ४,००० च्या आसपास जाईल. घाबरू नका, लाल पट्टीच्या आत आहे तोवर त्याला काही होत नाही. पण टनेलनंतरच्या सात टक्क्यांच्या उताराला फक्त बटणावर विसंबू नका, स्वतः हाताने दुसरा-तिसरा गिअर धरा.

गारवा — १३ मे

मी डेन्व्हरजवळ लेकवूडला राहते, हा रस्ता माझा नेहमीचा. आमच्याकडे १९ फुटी ट्रेलर आहे. सगळे ब्रेकवर बोलताहेत, पण मला पारिजातकच्या पहिल्या पोस्टमधलं दुसरंच वाक्य खटकतंय : गाडीत सहा जण.

६,००० चा आकडा विसर. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीत पिवळं स्टिकर असेल. त्यावर लिहिलंय, माणसं आणि सामान मिळून अमुक पाउंडांपेक्षा जास्त नको. तो पेलोड. ट्रेलरचा जो भार हिचच्या बॉलवर येतो, तोही यातच धरायचा. टंग वेट म्हणतात त्याला, ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावं लागतं. आणि ४,३०० हे कारखान्यातून निघालेल्या कोऱ्या ट्रेलरचं वजन. त्यात गॅस नाही, पाणी नाही, कुकर नाही, गाद्या-चादरी नाहीत.

स्टिकरचा आकडा इथे टाक. आणि ट्रेलर पूर्ण भरून ट्रक स्टॉपवर काटा करून घे.

पारिजातक — १८ मे

ब्रेक ऑइल बदललं, काळपट चहासारखं निघालं. पॅड आणि पुढच्या डिस्कही नव्या घातल्या.

आणि आज काटा केला. लहानपणी कारखान्याच्या काट्यावर उसाच्या ट्रॉल्या रांगेत बघितल्या होत्या, इथे अठरा चाकी ट्रकांच्या रांगेत मी. तीन फळ्या असतात : पुढचा आस (ॲक्सल), मागचा आस, ट्रेलर. एकदा ट्रेलरसकट, हिचचे भार वाटणारे बार सोडून. मग बाजूच्या पार्किंगमध्ये ट्रेलर काढून नुसती गाडी.

ट्रेलर ५,५२० पाउंड. (४,३०० कुठे आणि हे कुठे!) टंग वेट ७००. स्टिकरवर १,४८०.

आता हिशोब बघा. आम्ही चौघं ५२०, आई-बाबा (सासू-सासरे) २९०, हिचचं लोखंड ८०, डिकीतलं सामान १५०, त्यात ७०० मिळवा. १,७४०. म्हणजे २६० पाउंड जास्त. ओढण्याच्या क्षमतेत बसत होतं आणि तरी गाडी ओझ्याखाली होती. मार्चमध्ये आई-बाबा नव्हते, पण मागे पाण्याची टाकी भरलेली आणि दोन सायकली.

फार राग आला. मला कोणी स्टिकर दाखवलंच नाही. सहा महिने मी लेकरांना त्या गाडीतून फिरवते आहे.

लालपरी — १८ मे

अगं, तू शोधून काढलंस ना. पुढे काय करायचं ते बोलू.

गारवा — १८ मे

पाण्याची टाकी किती गॅलनची आहे? ४० असेल तर ३३० पाउंड तिथेच. ग्लेनवूडला कॅम्पग्राउंडला नळ आहे, भरून न्यायची गरजच नाही. हात धुण्यापुरते चार-पाच गॅलन ठेव.

सामान कमी करताना एक सांभाळ : नुसतं पुढचं काढून मागचं ठेवू नकोस. मागे जड झालं की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो, आणि उतारावर वेग वाढला की ते हेलकावे वाढतच जातात. जड वस्तू आसाच्या थोड्या पुढे, खाली, जमिनीलगत. साधारण ६० टक्के भार आसाच्या पुढे.

मनमौजी — १९ मे

मी परवा दारातलं स्टिकर पहिल्यांदा वाचलं. आमच्या मिनीव्हॅनची ओढण्याची क्षमता ३,५०० आहे आणि आमचा ट्रेलर भरून त्याच्या आसपासच जात असणार. काटा करतो. वरचा माझा सल्ला कोणी मनावर घेऊ नये.

हेलकावे सुरू झाले तर काय करायचं? आम्हाला टेनेसीत एकदा ट्रक बाजूने गेला तेव्हा झालं होतं. मी ब्रेक मारला होता.

अठराचाकी — १९ मे

ब्रेक नाही. गाडीचा ब्रेक मारला की गाडी हळू होते आणि ट्रेलर मागून ढकलतो, हेलकावा वाढतो. स्टिअरिंग सरळ घट्ट धरायचं, उलटसुलट फिरवायचं नाही, ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि कंट्रोलरचं हाताचं बटण सरकवून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. ट्रेलर मागून ताणला गेला की सरळ होतो.

ते बटण अंधारातही हाताला सापडलं पाहिजे. मोकळ्या पार्किंगमध्ये २०-२५ मैलांवर सराव करा. त्याच वेळी गेनही (ट्रेलरचे ब्रेक किती जोरात लागावेत ते) ठरवा : ट्रेलरची चाकं लॉक होतील इथपर्यंत वाढवायचा, मग थोडा कमी. आणि ताई, ट्रेलरचे ब्रेक बहुतेक ड्रमचे असतात, त्यांचे लायनर झिजले की हाताने ॲडजस्ट करावे लागतात. तुमचा ट्रेलर वापरलेला आहे. बहुतेक कोणी केले नसतील, म्हणून सगळं ओझं गाडीच्या ब्रेकवर आलं.

कर्जत_लोकल — २० मे

धागा आवडला म्हणून लिहितो. मी ट्रेलर कधी ओढला नाही, पण घाट ओळखतो. माझे काका रेल्वेत गार्ड होते. कर्जत ते लोणावळा बोरघाटाचा चढ १ ला ३७, म्हणजे २.७ टक्के. तेवढ्यासाठी कर्जतला मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात, आणि उतरताना वरती थांबून ब्रेक तपासल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. आणि घाटात कॅच सायडिंग असतात. गाडी आवरेनाशी झाली तर तिला मुख्य रुळावरून काढून चढावर जाणाऱ्या रुळावर घालायचं, की आपोआप थांबते.

इथे सात टक्के वाचून अंगावर काटा आला. रस्त्यावर तसं काही असतं का?

गारवा — २० मे

असतं, अगदी तेच. रनअवे ट्रक रॅम्प. टनेलनंतर पश्चिमेच्या उतारावर दोन आहेत, व्हेल पासच्या पश्चिमेलाही आहेत. बाजूने वर चढत जाणारा पट्टा आणि त्यात खोल सैल गोटे. चाकं रुततात आणि गाडी थांबते. नाव ट्रकचं असलं तरी ज्याचे ब्रेक गेलेत त्या कोणासाठीही आहे, ट्रेलरवाल्यांसाठीही. बाहेर काढण्याचा खर्च आपला, गाडीचं नुकसान आपलं. तरी तिथे वळायचं.

एप्रिल २०१९ मध्ये याच आय-७० वर, आमच्या लेकवूडमध्ये, ब्रेक गेलेला ट्रक डोंगर उतरून थांबलेल्या रहदारीत घुसला. चार माणसं गेली. वाटेत रॅम्प होता, तो मागे टाकून तो पुढे आला होता. त्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरातून धूर दिसत होता. तेव्हापासून मी प्रत्येक रॅम्प जाताना बोटाने मोजते, मुलांनाही मोजायला लावते.

अठराचाकी — २० मे

त्या रॅम्पवर एकदा ट्रक घातलाय. आय-७० ला नाही, दुसरीकडे. पहिल्याच वर्षी. आधी वाटतं, अजून एक वळण बघू, आवरेल. तो विचार आला त्याच क्षणी वळायचं असतं. मी वळलो म्हणून इथे लिहितोय.

त्रिज्या — २१ मे

चढाबद्दल एक ओळ. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना सुमारे ३ टक्के ताकद गमावतं. ११,००० फुटांवर साधारण एक तृतीयांश गेली. पारिजातक, तिथे तुमची गाडी ३५-४० ला रांगेल. उजवी लेन, हॅझर्ड दिवे, तापमानाच्या काट्यावर नजर. काटा चढला तर एसी बंद आणि हीटर पूर्ण चालू. उन्हाळ्यात गैरसोय होईल, पण हीटर म्हणजे छोटा जादा रेडिएटरच.

लालपरी — २१ मे

आणि आई-बाबांचं वय? पुण्याहून आलेली माणसं, एका दिवसात ११,००० फूट.

पारिजातक — २१ मे

बाबा ७१, बीपीची गोळी चालू आहे. डॉक्टरांना विचारलं. डेन्व्हरला दोन रात्री राहा, पाणी भरपूर प्या, वरच्या गावात मुक्काम नको म्हणाले. ग्लेनवूड ५,७६० फुटांवर आहे, डेन्व्हरपेक्षा थोडंच वर, म्हणून तेच बरं.

पण गाडीतल्या वजनाचं कोडं सुटत नाहीये. पाणी आणि सायकली काढल्या तरी काठावरच बसतंय. काठावर बसवून त्या उताराला मला जायचं नाही. आई-बाबांना डेन्व्हरहून बसने ग्लेनवूडला पाठवावं का? त्यांना एकटं पाठवायला मन धजत नाही.

गारवा — २१ मे

कोणत्या दिवशी वर जाताय? शनिवार सकाळी जाऊ नकोस आणि रविवार दुपारी परत येऊ नकोस, आख्खं डेन्व्हर त्या रस्त्यावर असतं. मंगळवार-बुधवार धर. आणि सकाळी निघ, दुपारनंतर डोंगरात गडगडाट आणि गारा असतात.

मंगळवार असेल तर मला सुट्टी आहे. आई-बाबांना मी माझ्या गाडीतून ग्लेनवूडला सोडते. माझी आई गेल्या वर्षी आली होती, तेव्हा तिला हा रस्ता दाखवायचा राहून गेला. तुझ्या सासूबाईंशी गप्पा मारत जाईन. खरंच सांगते आहे, संकोच करू नकोस.

पारिजातक — २२ मे

काय बोलू? आईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "तिला विचार, तिला गूळपोळी आवडते का."

मनमौजी — २ जून

काटा केला. ३,५०० च्या क्षमतेत ३,६१० भरला. तंबू, शेगडी, मुलीची खेळण्यांची पेटी, सगळं थोडं थोडं करून. अर्धं गॅरेजमध्ये परत ठेवलं.

पारिजातक — २० जून

परत आलो. सविस्तर लिहिते.

निघण्याआधी पुन्हा काटा केला : ट्रेलर ५,०८०, टंग वेट ६४०. आम्ही चौघं, हिच आणि थोडंसं सामान धरून १,३००, म्हणजे स्टिकरच्या १८० पाउंड आत. डेन्व्हरपर्यंत आई-बाबा विमानाने आले, ते नंतर ठरवलं. ट्रेलरचे ब्रेक उघडले तर एका चाकाचा लायनर जवळजवळ संपलेला आणि दुसऱ्याला ग्रीस लागलेलं. ते दोन्ही बदलले. टायर सात वर्षांचे निघाले. खाचा खोल होत्या म्हणून कधी शंका आली नव्हती, पण बाजूला बारीक भेगा होत्या. तेही नवे घातले.

पहिली परीक्षा रटॉन पास, ७,८३४ फूट, न्यू मेक्सिकोतून कोलोरॅडोत शिरताना. तिथे मी मुद्दाम तीन निरनिराळ्या गिअरमध्ये उतरून बघितलं, म्हणजे कोणत्या गिअरात गाडी किती धरते ते पायाला कळलं. हे सगळ्यांना सांगेन : मोठ्या उताराआधी छोट्या उतारावर ओळख करून घ्या.

मंगळवारी सकाळी साडेसातला निघालो. गारवाची गाडी आमच्या मागे, आई-बाबा तिच्या मागच्या सीटवर. जॉर्जटाउनच्या पुढे चढ लागला, गाडी ३८ वर आली, उजव्या लेनमध्ये ट्रकांच्या मागे. मला घाई नव्हती. टनेलच्या आत पावणेदोन मैल पिवळे दिवे आणि डोक्यात एकच : बाहेर पडायच्या आधी गिअर. आतच वेग ४० वर आणला आणि दुसरा टाकला. इंजिन ओरडलं. बाहेर ऊन, समोर बर्फाच्या रेघा असलेले डोंगर, आणि रस्ता एकदम पायाखालून निघून गेल्यासारखा.

गाडी ३९ वर थांबली. तिथेच राहिली. मी ब्रेकला पाय लावला नव्हता. सरळ पट्ट्यावर ४३ झाली तेव्हा ठाम दाबला, ३६, सोडला. आठ मैलांत असं नऊ वेळा. नवरा मोजत होता. मुलींनी दोन्ही रॅम्प मोजले. माझ्या बाजूने गाड्या सुसाट जात होत्या, एकाने हॉर्नही दिला, पण मी गिअर बदलला नाही.

सिल्व्हरथॉर्नला उतरून थांबलो. हात आधी आपोआप पुढच्या उजव्या चाकाकडे गेला. वास नाही. नवऱ्याने इन्फ्रारेड थर्मामीटर आणला होता : पुढची डिस्क ३०० फॅरनहाइटच्या थोडी आत, ट्रेलरचे ड्रम दोनशेच्या आसपास, दोन्ही बाजूंना सारखे. म्हणजे ट्रेलर आपलं ओझं स्वतः धरत होता. मागून गारवा आली. बाबा उतरले आणि म्हणाले, "तुझे ब्रेकचे दिवे बघत होतो. मुंबई-पुणे एशियाडचे ड्रायव्हर असेच उतरायचे." आणि मी तिथे पार्किंगमध्ये रडले.

व्हेल पास त्यानंतर सोपा वाटला, पण गारवाच्या सांगण्यावरून तिथेही दुसराच गिअर.

परतीला एक जागा मला माहीत नव्हती, ती लिहून ठेवते. जेनसीच्या पुढे डेन्व्हर समोर सपाट दिसायला लागतं आणि वाटतं, संपला डोंगर. संपलेला नसतो. तिथे मोठ्या पाट्या आहेत : ट्रकवाल्यांनो, फसू नका, अजून चार मैल तीव्र उतार आणि अवघड वळणं. खाली आणखी एक, अजून खाली पोचला नाहीत. त्या पाट्या माझ्यासाठीही आहेत असं समजून मी गिअर तसाच ठेवला.

अठराचाकी — २० जून

नऊ वेळा! ताई, माझ्याबरोबर ट्रक शिकायला आलेल्यांतली निम्मी पोरं एवढं नेटकं उतरत नाहीत. बाबांना सांगा, फ्रेस्नोहून नमस्कार.

गारवा — २१ जून

गूळपोळ्या संपल्या. वाटेत तुझ्या सासूबाईंनी मला भाजणीचं प्रमाण सांगितलं, ते पाककृतीच्या धाग्यावर टाकते.

नवी_वाट — २४ जून

सगळा धागा एका बैठकीत वाचला. आम्ही ऑगस्टमध्ये सॉल्ट लेक सिटीहून ग्रँड टेटन आणि येलोस्टोनला जातोय, पहिल्यांदाच ट्रेलर, २४ फुटी. नकाशा आयडाहोतून व्हिक्टरमार्गे टेटन पासने जॅक्सनला नेतोय, तो सगळ्यांत जवळचा दाखवतोय. चालेल का?

अठराचाकी — २४ जून

टेटन पास नको. तिथे दहा टक्के उतार आहे. आय-७० च्या सातला पारिजातकताईंनी एवढी तयारी केली. स्वॉन व्हॅलीहून यूएस-२६ ने आल्पाइनला या, तिथून स्नेक नदीच्या कडेने होबॅक जंक्शन आणि मग जॅक्सन. थोडं लांब पडेल, पण रस्ता नदीबरोबर जातो.

पारिजातक — २४ जून

नवी_वाट, ड्रायव्हरचं दार उघडून पिवळ्या स्टिकरचा फोटो काढा आणि आकडा इथे टाका. किती माणसं, तेही लिहा. ऑगस्टपर्यंत वेळ आहे.